किरणांची भीती किती दिवस?

थायरॉईडच्या आजारावर ‘किरणोत्सारी आयोडीन’ घेऊन मुंबईहून परतलेल्या सुनेचे ताट-वाटी सहा-सहा महिने वेगळे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. उलट, औषध घेऊन घरी येताच नातवाला मांडीवर घेणाऱ्या आजीही पाहिल्या आहेत. दोन्ही घरी एकच गोष्ट ठाऊक नसते. या औषधाचा हिशेब तारखेवर चालतो.

अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून आयोडीन-१३१ तयार करतात. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉईड ग्रंथी हे आयोडीन ओढून घेते व त्यातील बीटा किरण जागच्या जागी रोगट पेशी मारतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. जपायचे ते त्यांच्यापासून.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे. सावकाराचे व्याज चढत जाते, इथे मुद्दलच घटते. १०० भागांचे ८ दिवसांनी ५०, १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी साडेबारा. ८० दिवसांनी हजारातला एक भागही उरत नाही. शिवाय ग्रंथीत न शिरलेला बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातो, म्हणून अंगातली घट याहूनही जलद होते. त्यासाठीच पाणी भरपूर प्यावे व संडासात जास्त पाणी ओतावे.

हेच गणित औषधाच्या बाटलीलाही लागू. कुर्डुवाडीची गाडी चुकली आणि ८ दिवसांनी गेलात, तर त्या बाटलीत निम्मेच औषध उरते. जाणे जमणार नसेल तर आधी कळवावे.

गर्भवतीला हे औषध देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध आधीच बंद करावे लागते. औषधानंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत, असे सांगतात. त्या सहा महिन्यांचा ताट वेगळे ठेवण्याशी काही संबंध नाही. ही सांसर्गिक व्याधी नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. कागदावर ‘लहान मुलांपासून दूर राहा’ एवढे लिहून भागत नाही. मुले व गर्भवती यांच्यापासून किती हात लांब राहायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांनी मराठीत लिहून द्यावे. रुग्णानेही ते मागून घ्यावे. मात्रेनुसार ही तारीख बदलते, म्हणून शेजारणीची तारीख आपल्याला चालणार नाही. त्या तारखेपर्यंत नियम कसोशीने पाळा. तारीख उलटली की सुनेला पंक्तीत बसवा.