वर्कशॉपची वाट आणि पाण्याचा हिशेब

या महिन्यात एका भगिनीच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक घरांत आहे. घरामागे पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये पतीचे ग्रिल-गेट बनवण्याचे काम चालते. रस्त्यापासून शेडपर्यंत ३० फूट लांब आणि १० फूट रुंद मातीची वाट आहे. पावसाळ्यात लोखंडाचा टेम्पो रुततो आणि चार महिने माल खांद्यावरून वाहावा लागतो. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, म्हणून दोन वर्षे भिशी भरून पैसे जमवले. आता वाट काँक्रीटची करायची आहे. वाटेच्या एका अंगाला त्यांचे घर, दुसऱ्या अंगाला चुलत दिराचे जुने, मातीच्या भिंतींचे घर. ठेकेदार म्हणतो, चार इंच कोबा टाकू, दोन दिवसांत मोकळे. "मी दिवसभर घरी असते, तर कशावर लक्ष ठेवू?" असे त्या विचारतात.

माझे उत्तर एका शब्दाचे आहे. पाण्यावर. सिमेंट कोणते, गज किती, हे सगळेच विचारतात. पाणी कोणी विचारत नाही, आणि काम बिघडते ते बहुतेक पाण्यानेच.

आधी पावसाचे पाणी. ३०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ७०० लिटर पाणी होते. मातीची वाट त्यातले बरेचसे पिऊन टाकते, काँक्रीट थेंबभरही पीत नाही. ते कुठे तरी जाणारच. कारागीर सूत बांधतो तेव्हा ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्या भिंतीपासून ढाळ दूर काढतो, म्हणजे तुमच्या बाबतीत थेट दिरांच्या जोत्याकडे. मातीची भिंत दोन पावसाळे तळातून भिजली की फुगते आणि खचते. मग दोन घरांतले बोलणे बंद होते आणि ईदलाही कोणी कोणाचा उंबरा ओलांडत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. तो हक्क इथे दोन इंचांच्या ढाळात आहे, एवढेच सांगतो.

म्हणून ढाळ रस्त्याच्या गटाराकडे, दहा फुटांना दीड ते दोन इंच. शेड रस्त्यापेक्षा खोल असेल तर शेडच्या दारापुढे जाळीची आडवी नाली करून पाणी पाइपने बाहेर काढा. वाटेच्या मध्यावर किंचित खोलगटपणा ठेवला तर पाणी दोन्ही भिंतींपासून लांब राहते. काम सुरू होण्याआधी दिरांना बोलवा, पाण्याच्या नळीने लेव्हल त्यांच्यासमोर लावा, आणि वाट सामाईक असेल तर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. नात्यात कशाला लिहायचे, असे मोठी माणसे म्हणतील. कुरआनात उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, तिथे नातेवाइकांना वगळलेले नाही.

दुसरे पाणी मालातले, म्हणजे काँक्रीट कालवताना घातलेले. इथे खरी झटापट होते. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या मालाला, ५० किलोच्या गोणीमागे साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. असा माल घट्ट असतो, फावड्याने ओढायला जड जातो. मजूर पाणी वाढवायला सांगतात ते बेईमानीने नव्हे. त्यांची पाठ दुखते, आणि काम उक्ते असेल तर वेळही आपलाच जातो. पण जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. ताकद तिथेच जाते, वरचा थर धूळ सोडू लागतो. तेव्हा पाणी वाढवू नका, माणसे वाढवा. दोन माणसे जास्त लावा, माल बसवायला व्हायब्रेटर भाड्याने आणा, दर तासाला चहा-पाणी द्या. पाण्यासाठी पाच लिटरचा कॅन मिक्सरजवळ ठेवा आणि मोजणाऱ्या मुलाला तिथून हलू देऊ नका. नदीकाठीही वजूचे पाणी बेताने वापरावे अशी शिकवण असलेल्या घराला हे अवघड जाऊ नये.

जाडीबद्दल ठेकेदाराशी माझे मत जुळत नाही. चार इंच हे दुचाकीला आणि माणसांना ठीक. लोखंड भरलेला टेम्पो येणार असेल तर पाच इंच हवे, मोठा ट्रक येणार असेल तर सहा. खाली सहा इंच मुरूम पाणी मारून धुमसाने चोपलेला. पोकळ जमिनीवर सहा इंचही तडकते. पाच इंचांच्या हिशेबाने तुमच्या वाटेला साधारण २९ गोण्या सिमेंट, अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रासहून थोडी जास्त खडी लागेल. ठेकेदाराच्या यादीशी ताडून पाहा. जाळी टाकणार असाल तर ती जमिनीवर लोळू देऊ नका, ठोकळ्यांवर उचलून वरच्या अंगाला हवी. खाली पडलेली जाळी म्हणजे पुरलेले पैसे.

पैसे कमी पडले तर जाडी कमी करू नका, रुंदी कमी करा. शेडच्या दारापुढचे दहा फूट पूर्ण भरा, कारण तिथे ट्रॉली फिरते. उरलेल्या २० फुटांत चाकांखाली दोन-दोन फुटांचे दोन पट्टे पुरतात. मधली माती पाऊस पिते आणि लिंबाचे झाडही वाचते. दिसायला ते गरिबीचे वाटते असे काही जण म्हणतात. मला तर पूर्ण भरलेल्या अंगणापेक्षा तेच आवडते.

भरण्याआधी शेडकडे जाणारी पाण्याची आणि विजेच्या केबलची नळी खाली आडवी टाकून घ्या. एक रिकामा पाइप जादा टाका, पुढे उपयोगी पडतो. काँक्रीट आणि घराचे जोते यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवा. दर दहा फुटांवर आडवा सांधा हवा, जाडीच्या पाव भागाइतका खोल. काँक्रीट आकसते, तडा जाणारच. सांधा दिला की तो आपण सांगू तिथे जातो.

वार आणि वेळ ठरवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. पाणी घातल्यावर माल अर्ध्या-पाऊण तासात जागेवर पडायला हवा, काम मध्येच थांबवता येत नाही. म्हणून जुम्याचा दिवस टाळा. इतर दिवशी फजरनंतर लगेच सुरुवात केली तर जोहरपर्यंत उरकते, आणि थांबायचेच झाले तर ठरलेल्या सांध्यावर थांबा. रमजानमध्ये हे काम काढूच नका. रोजेदार मजुराला उन्हात फावडे मारायला लावून वाचवलेला महिना कोणाच्या उपयोगाचा? गमबूट आणि हातमोजे द्या. ओले सिमेंट कातडी भाजते, उघड्या पायांना संध्याकाळी कळते. मुलांना लांब ठेवा. मजुरी त्याच संध्याकाळी, ठेकेदाराकडे हिशेब बाकी असला तरी मजुरांच्या हातात पडली का हे विचारून घ्या.

आता तिसरे पाणी, आणि हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. कारागीर "दोन दिवसांत मोकळे" म्हणतो ते स्वतःबद्दल. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. पहिले काही दिवस पृष्ठभाग कोरडा पडला की ते काम तिथेच अडते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किंवा कोरड्या उन्हाळी हवेत किमान १० दिवस ओलावा हवा. पीपीसीला १४ दिवस दिले तर उत्तम. आज दुकानात बहुधा पीपीसीच मिळते, गोणीवर छापलेले वाचा. हे पाणी मारायचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, पण त्यावर सगळ्या कामाची ताकद अवलंबून आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. दिवसातून दोनदा बादली ओतली म्हणजे झाले असे समजून मग दुपारच्या उन्हात वाट पांढरी पडते.

सोपी रीत अशी. पृष्ठभाग बोटाने दबेनासा झाला की ओली बारदाने अंथरा, वर प्लॅस्टिक टाका, कडांना विटा ठेवा. बारदान सुकलेले दिसले की भिजवा. वजूचे, भाजी धुतल्याचे पाणी इथे चालते, साबणाचे नको. पाणी कमी येणाऱ्या वस्तीत ही रीत आळे करून पाणी साठवण्यापेक्षा परवडते.

दुसऱ्या दिवसापासून बारदानावरून चालता येईल. रिकामा टेम्पो दहा दिवसांनी, भरलेला २८ दिवसांनी. त्या मुदतीत माल येणार असेल तर आधीच मागवून ठेवा किंवा रस्त्यावर उतरवून घ्या. आणि पतीला सांगा, गॅस कटिंग नव्या काँक्रीटवर थेट करू नका. आचेने वरचा थर फटकन उडतो, डोळ्याला लागतो. खाली पत्रा आणि वाळू ठेवा.