गॅस बदलला, गळती तीच

मोटारीचा एसी गॅस खात नाही. काँप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशा बंद चक्रात तो फिरत राहतो. कधी द्रव होतो, कधी वायू. गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, पण स्वतः तसूभरही खर्च होत नाही. तरीही होळी पेटली की गॅरेजांपुढे ‘गॅस भरायला’ गाड्या उभ्या राहतात आणि ‘मागच्याच उन्हाळ्यात भरला होता’ असे सांगताना मालकाला त्यात काही वावगे वाटत नाही. मग मागच्या उन्हाळ्यातला गॅस गेला कुठे? हा प्रश्न नीट विचारायला विज्ञानाला ४४ वर्षे लागली. गॅरेजांत तो आजही क्वचितच विचारला जातो. जुन्या गाडीचा एसी आर-१२ वरून आर-१३४ए या गॅसवर आणणे हे तसे दिवसाभराचे काम. पण त्यात आपण नेमके काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे कळायला जवळपास शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२०च्या दशकातले फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइडवर चालत. नळी फुटली की घरातली माणसे झोपेतच दगावत. १९२८ मध्ये जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी सहकाऱ्यांसह यावर तोड काढली: पेट न घेणारा आणि विषारी नसलेला वायू. १९३० साली अटलांटात, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत, त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. तोच आर-१२. जनरल मोटर्स आणि ड्यूपाँ यांनी मिळून त्याचा कारखाना काढला आणि ‘फ्रिऑन’ हे नाव घरोघरी गेले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्तीही मिजलींचीच, म्हणून त्यांना शतकाचा खलनायक ठरवण्याची एक रीत पडली आहे. शिशापुरती ती टीका रास्त आहे, कारण शिशाचे विष तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. आर-१२ च्या बाबतीत मात्र तो अन्याय ठरेल. त्या काळाने जो पेपर काढला त्यात हा वायू पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला. वातावरणाच्या वरच्या थरात काय होते, हा प्रश्न त्या पेपरात नव्हताच.

पुढे जे झाले त्याला मोटार विशेष कारणीभूत आहे आणि त्यामागचे कारण साधे यांत्रिक आहे. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि काँप्रेसर एकाच पोलादी डब्यात बंद असतात, नळ्या झाळलेल्या असतात. गॅस निसटायला वाट नसते. मोटारीत काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर येणार, शाफ्टभोवती सील असणार आणि ते सील कधीतरी झिजणार. इंजिन थरथरते, म्हणून नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि रबरातून गॅस पाझरतो. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातच एसी बसवून दिला तेव्हा त्याला क्लचही नव्हता. थंडी नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा उतरवायचा. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी होता. गॅस कवडीमोल होता. गळती शोधण्यापेक्षा पुन्हा भरणे स्वस्त पडे. दुरुस्तीआधी उरलासुरला गॅस हवेत सोडून देणे हा तर कामाचा भागच होता. आर-१२ हवेत सरासरी शंभर वर्षे टिकतो. त्या हिशेबाने पहिल्या पॅकार्ड गाड्यांतून निसटलेल्या वायूपैकी सुमारे चाळीस टक्के आजही आपल्या डोक्यावर आहे.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की हा वायू खाली कशाशीही संयोग पावत नाही, पण वर गेल्यावर अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरिन ओझोन खातो. उद्योगांनी बरीच वर्षे टाळाटाळ केली. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावरच्या ओझोनमध्ये पडलेले खिंडार सापडले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी असल्या वायूंना आवर घालणारा माँट्रियलचा करार झाला. मोलिना-रोलंड यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळाले ते १९९५ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले आर-१२ चे उत्पादन थांबले.

जागतिक करारांचा इतिहास इथे संपतो, पण गॅरेजांचा इथून सुरू होतो. १९९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या जवळपास सर्व नव्या गाड्या आर-१३४ए वर आल्या होत्या, पण रस्त्यावर धावणाऱ्या कोट्यवधी जुन्या गाड्या आर-१२ वरच होत्या. भाव आकाशाला भिडले आणि तस्करी सुरू झाली. मायामी बंदरात तर अमली पदार्थांच्या खालोखाल या गॅसचे नाव घेतले जाऊ लागले. जुनी गाडी बदलायची तर नळ्यांपासून कंडेन्सरपर्यंत सगळेच नवे घालावे लागेल, असे आधी सांगितले जात होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. वर्षानुवर्षे खनिज तेल प्यायलेल्या रबरी नळ्या नव्या गॅसलाही बऱ्यापैकी रोखून धरत. मोटार कंपन्यांच्या कागदापेक्षा मेकॅनिकचा अनुभव खरा ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

अर्थात म्हणून ते काम नुसते गॅस बदलण्याचे नव्हे. आर-१३४ए खनिज तेलात मिसळत नाही. जुने तेल तसेच ठेवले तर ते गॅसबरोबर फिरत नाही. कूलिंग कॉइलच्या तळाशी जाऊन बसते आणि काँप्रेसर कोरडा फिरून जाम होतो. म्हणून काँप्रेसर उतरवायचा, उलटा धरून जुने तेल निथळू द्यायचे आणि एस्टर जातीचे तेल मापाने घालायचे. कारखान्यातून आर-१३४ए वर आलेल्या गाड्यांत सहसा ‘पॅग’ तेल असते, पण जुन्या यंत्रणेत उरलेल्या क्लोरिनशी त्याचे जमत नाही. एस्टर सांभाळून घेते. ही नवी तेले हवेतली ओल झटकन शोषतात, तेव्हा डबा उघडा ठेवून चहाला जायचे नाही. ड्रायर नवा, कारण जुन्यातले ओल टिपणारे दाणे नव्या गॅससाठी नसतात. सांध्यांवरच्या ओ-रिंगा नव्या. मग व्हॅक्यूम पंप लावून यंत्रणा रिकामी करायची आणि काटा जागचा हलत नाही ना, हे बघत थांबायचे. सगळ्यात जास्त चालढकल होते ती इथेच.

भरतानाही जुनी सवय नडते. आर-१२ च्या जमान्यात ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे झाले की गॅस पुरा भरला असे समजत. आर-१३४ए बरोबर भरला तरी त्या काचेत फेसाळ दिसू शकतो. बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिले तर गॅस जास्त होतो. हा गॅस वजन करून, जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के एवढाच घालायचा असतो. शिवाय कंडेन्सर ६० अंशांपर्यंत तापला की आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा दहाएक टक्क्यांनी जास्त भरतो. नागपुरात मे महिन्यात सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ही परीक्षा रोज होते. पंखा दणकट नसेल तर ‘नव्या गॅसला दम नाही’ असा बोल लागतो. त्यात दोष गॅसचा थोडा, हवेच्या झोताचा जास्त.

भारतात हे सगळे उशिरा आले आणि त्याला कारण होते. माँट्रियल कराराच्या १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी आणि चीननेही बजावले की खिंडार पाडले श्रीमंत देशांनी, तर पर्यायी तंत्राचा खर्चही त्यांनीच उचलावा. त्यातून निधी उभा राहिला, विकसनशील देशांना सवलतीची मुदत मिळाली आणि भारत १९९२ मध्ये करारात आला. ती भूमिका योग्यच होती. २०१० ची मुदत असताना भारताने ऑगस्ट २००८ मध्येच आर-१२ सारख्या सीएफसी वायूंचे उत्पादन थांबवले, हेही विसरू नये. पण निधी प्रामुख्याने कारखान्यांच्या वाट्याला गेला. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत डॅशबोर्डखाली एसी टांगून घेतलेल्या मालकाला कुणी काही सांगितले नाही. त्याने आपल्या खिशातून, मेकॅनिक म्हणेल तसे केले.

ही पोकळी भरून काढायला भलतेसलते गॅस येतात. स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद असलेले प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण आर-१२ च्या जागी बिनबोभाट चालते आणि थंडही छान करते. पण मोटारीची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यात असते आणि ती गळली तर गाडीत ज्वालाग्राही वायू भरतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जुन्या गाड्यांत अशी मिश्रणे भरायला मज्जाव केला तो उगाच नव्हे. बनावट गॅसचा प्रकार तर आणखी भयंकर. २०११ मध्ये शीतकरणाचे जहाजी कंटेनर अचानक फुटू लागले, माणसे मेली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघाले. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवेशी गाठ पडताच भडका उडवणारे रसायन तयार होते. मिजलींनी ज्याला हद्दपार केले, तेच ऐंशी वर्षांनी नकली सिलिंडरमधून परतले.

दरम्यान आर-१३४ए चीही पाळी आली. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. युरोपने २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद केला. माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ मध्ये या जातीच्या वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. त्याच्या जागी आलेला आर-१२३४वायएफ हवेत जेमतेम काही दिवस टिकतो, मात्र किंचित पेट घेतो आणि विघटनानंतर एक चिवट आम्ल मागे ठेवतो, ज्यावर युरोपात आता वाद पेटला आहे. काही जर्मन गाड्यांत कार्बन डायऑक्साइड वापरतात. घरगुती एसीत शिरवळच्या गोदरेज कारखान्याने प्रोपेन वापरून दाखवला आहे. प्रत्येक वेळी ‘हाच शेवटचा’ असे सांगण्यात आले. यावेळी तरी तसे मानू नये.

वायूंची ही वंशावळ ऐकवत बसण्यापेक्षा हिशेब सांगितलेला बरा. जुन्या गाडीतला ८०० ग्रॅम आर-१२ हवेत सोडला तर तापमानवाढीच्या दृष्टीने ते साडेतीन हजार लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्यासारखे आहे. ६०० ग्रॅम आर-१३४ए सोडला तर सुमारे ३७० लिटर. गॅस कोणता, याहून तो आतच राहतो की नाही हे महत्त्वाचे. अमेरिकेने १९९२ पासून गॅस हवेत सोडण्यावर बंदी घातली, तो परत काढून घेणारे यंत्र आणि प्रशिक्षित मेकॅनिक सक्तीचे केले. आपल्याकडेही सरकारने गॅस परत काढून घेणाऱ्या यंत्रासाठी छोट्या गॅरेजांना अनुदान द्यावे आणि भंगारात जाणाऱ्या प्रत्येक गाडीतला गॅस काढून घेतला गेला याची नोंद सक्तीची करावी. कारखान्यांसाठी पैसा मिळाला तसा तो यासाठीही मागता येईल.

आणि तुमच्याकडे आर-१२ ची जुनी गाडी असेल तर आर-१३४ए वर आणायला कचरू नका, १२३४ च्या नादी लागू नका, स्वस्त मिश्रणाला तर शिवूही नका. जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, आधी गळती शोधून घ्या आणि कोणता गॅस, कोणते तेल, किती ग्रॅम भरले याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवून मगच पैसे द्या.