कॉलेजच्या ग्रुपमध्ये शिरायची तयारी बारावीतच. पण त्या आधी तुमचा फोन काय काय सांगून बसतो?

बारावीचा शेवटचा पेपर झाला की पुण्यातल्या आणि पुण्यात येऊ घातलेल्या मुलामुलींचं एक काम ठरलेलं असतं. ज्या कॉलेजवर डोळा आहे तिथल्या ड्रामा ग्रुपचं, डान्स टीमचं, रोबोटिक्स क्लबचं इन्स्टा पेज फॉलो करायचं. मग त्यातल्या दोन-चार सीनियर्सना फॉलो करायचं. मग एक डीएम: "हाय ताई, फर्स्ट इयरवाल्यांना कधी घेता?" सीईटीचा निकाल यायचाय, कॅपचे राउंड व्हायचेत, कॉलेज कुठलं मिळेल याचा पत्ता नाही. पण ग्रुपमध्ये कसं शिरायचं, याची तयारी मात्र सुरू.

यात हसण्यासारखं काही नाही. पुण्यात कॉलेजचा ग्रुप ही खरोखर मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि आजही ऑगस्ट उजाडला की भरत नाट्य मंदिराबाहेर घोषणा देऊन घसा बसलेली पोरं दिसतात. फिरोदिया करंडकात तर नाटक, गाणं, नाच, चित्र असं सगळं एकाच सादरीकरणात येतं, त्यामुळे टीमही मोठी लागते. सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ पासूनची. वर्गात शेजारी बसणाऱ्याचं नाव तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नसतं, पण ग्रुपमधली माणसं आयुष्यभर टिकतात, असं सांगणारे काका-मावश्या प्रत्येकाच्या घरात आहेत. बाहेरगावाहून आलेल्या मुलीसाठी तर ग्रुप म्हणजे शहरातलं पहिलं घर.

प्रश्न तयारीचा नाही. ती तयारी आता कुठे होते आणि तिची नोंद कोणाकडे राहते, याचा आहे.

अमेरिकेत काय चालतं

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलींच्या 'सोरॉरिटी' असतात. ग्रीक अक्षरांची नावं, स्वतःची राहायची घरं, एकमेकींना 'सिस्टर' म्हणायची पद्धत. त्यांच्या मोठ्या संघटनांची शिखर संस्था १९०२ पासून आहे. निवडीच्या आठवड्याला 'रश' म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींनी रशच्या दिवसांत 'आज मी काय घातलंय' असे व्हिडिओ टिकटॉकवर टाकले, 'बामा रश' हा हॅशटॅग जगभर पसरला आणि २०२३ मध्ये त्यावर डॉक्युमेंटरीसुद्धा आली. त्यानंतर शाळेतल्या मुलींची तयारी उघडपणे ऑनलाइन दिसायला लागली. जुने फोटो काढून टाकायचे, प्रोफाइल 'नीट' करायचं, स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ बनवायचा. पैसे घेऊन हे शिकवणारे सल्लागारही तिथे आहेत.

या रशमधली एक गोष्ट टेकवाल्यांना आवडेल. शेवटच्या टप्प्यात मुली आपला पसंतीक्रम देतात, सोरॉरिटी आपापली यादी देतात आणि दोन्ही याद्या जुळवून निकाल लागतो. सुझन मॉन्जेल आणि अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या पद्धतीवर एक पेपर लिहिला. त्यात दिसलं, की बऱ्याच मुली यादीत एकच नाव लिहितात आणि त्या एका नावावर सगळं लावतात. अशाच 'जुळवणी'च्या अभ्यासासाठी रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पसंतीक्रम आणि वाटप हे आपल्याला नवं नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहा कॉलेजांपर्यंत क्रम लावायचा असतो, आणि २०२५ पासून ती पद्धत अख्ख्या राज्याला लागू झाली. पण ते कॉलेजच्या प्रवेशापुरतं. कॉलेजच्या आतल्या ग्रुपला ना पसंतीक्रम, ना वेळापत्रक, ना तक्रार करायला शिखर संस्था. तिथे असतो एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक गूगल फॉर्म आणि एक ॲडमिन, ज्याचं आडनावसुद्धा आपल्याला माहीत नसतं.

लिंक कोणाची, फॉर्म कोणाचा?

आधी ग्रुपची लिंक घेऊ. प्रवेशाच्या दिवसांत 'फर्स्ट इयर ऑफिशियल' अशा नावाचे, कॉलेजचा लोगो डीपीला लावलेले ग्रुप पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. नाव आणि लोगो कोणीही लावू शकतो, त्यासाठी कॉलेजमध्ये शिकावंही लागत नाही. लिंकवर टॅप करून आत गेलात, की तुमचा नंबर त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. म्हणजे जेमतेम सतरा वर्षांच्या मुलीचा नंबर एका टॅपमध्ये हजार अनोळखी लोकांकडे. डीपी 'एव्हरीवन'ला दिसत असेल तर चेहराही सोबत.

ग्रुप खरा आहे की नाही हे ओळखायला फार डोकं लागत नाही. लिंक कॉलेजच्या वेबसाइटवर, प्रवेशाच्या ईमेलमध्ये किंवा नोटीस बोर्डवर आहे का, ते बघा. नसेल, तर तो 'ऑफिशियल' नाही, मग ॲडमिन कितीही गोड बोलो. दुसऱ्या दिवशी पीजीच्या आणि तिसऱ्या दिवशी क्लासच्या जाहिराती यायला लागल्या, तर तो ग्रुप कशासाठी काढला होता हे वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुप्स' असा पर्याय आहे. तो 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवला की अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ॲड करू शकत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत संपतं. पण लिंकवरून तुम्ही स्वतःच आत गेलात, तर हे सेटिंग काही कामाचं नाही. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता फॉर्म. माझ्या मते खरी गडबड इथे आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

क्लबचा भरतीचा फॉर्म बहुतेक वेळा एखाद्या सीनियरच्या खासगी जीमेलवरून बनवलेला असतो. नाव, नंबर, राहायचा पत्ता, इन्स्टा हँडल, 'एक फोटो अपलोड करा'. तुम्ही भरलेलं सगळं एका शीटमध्ये जातं. फोटो अपलोड करायचा असेल तर गूगल आधी साइन इन करायला लावतं आणि तो फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतो. ती शीट पुढे क्लबच्या आठ-दहा जणांना शेअर होते. तो सीनियर पास होऊन बंगळूरला नोकरीला जातो. शीट मात्र त्याच्याच अकाउंटमध्ये राहते, दरवर्षी नव्या शंभर-दोनशे नावांसकट. कोणी वाईट हेतूने केलेलं नसतं हे. डिलीट करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, एवढंच.

फॉर्म उघडल्यावर सगळ्यात खाली जाऊन बघा. कॉलेजच्या अधिकृत गूगल अकाउंटवरून बनवला असेल, तर तळाशी इंग्रजीत त्या संस्थेचं नाव येतं. खासगी जीमेलवरून बनवला असेल, तर ते नाव नसतं. नाव नसलेला प्रत्येक फॉर्म खोटा असतो असं नाही. पण तिथे राहायचा पत्ता आणि फोटो देण्याआधी "ताई, हे कशासाठी लागतंय?" असं विचारायला काहीच हरकत नाही. ऑडिशनला बोलवायला नाव आणि एक ईमेल पुरतो. अशा फॉर्मसाठी वेगळा ईमेल काढून ठेवला तर अजून बरं.

डेटा संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठराच्या खालच्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची खात्रीशीर संमती लागेल, असं त्यात आहे. बहुतेक तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिलीय. पण कायद्याच्या डोळ्यासमोर ॲप आणि कंपन्या आहेत. एका सीनियरच्या ड्राइव्हमधली शीट तपासायला कोण येणार?

इन्स्टा बघून घेतात का?

घेतात, काही ठिकाणी. कोणी लेखी कबूल करणार नाही. डान्स टीमला तुमच्या रील बघाव्याशा वाटल्या, फोटोग्राफी क्लबने फीड चाळलं, तर ते समजण्यासारखं आहे. पण बॅकस्टेजला, व्यवस्थापनाला, लेखनालाही जेव्हा 'तुझं हँडल दे' म्हणतात, तेव्हा बघितली जाते ती मुलगी कशी दिसते, कोणाबरोबर फिरते आणि तिला कोण फॉलो करतं.

आणि इथे तयारीची सुरुवातच समान नसते. असरच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे औसा किंवा माणहून पुण्यात येणाऱ्या कित्येक मुलींच्या हातात पहिला स्वतःचा फोन येतो तोच मुळी प्रवेश झाल्यावर. काहींच्या घरी इन्स्टाला परवानगीच नसते. जो ग्रुप प्रोफाइल बघून माणसं निवडतो, तो या मुलींना दारातूनच परत पाठवतो आणि त्याला ते कळतही नाही. तालमीला रोज वेळेवर येणारी, सेट उचलणारी, दुसऱ्याची वाक्यं पाठ असणारी मुलगी रीलमध्ये दिसत नाही. पुण्यातल्या एकांकिका अशाच माणसांच्या जिवावर उभ्या राहतात.

ज्यांचं अकाउंट आहे त्यांनी एक गोष्ट तपासा: जन्मतारीख. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाने भारतात 'टीन अकाउंट' आणलं. अठराच्या खालच्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं आणि ओळख नसलेल्यांचे मेसेज अडतात. सोळाच्या खालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण पाचवीत असताना अकाउंट काढायला तुम्ही जन्मसाल १९९८ टाकलं असेल, तर इन्स्टाच्या हिशेबी तुम्ही पंचविशी ओलांडलीये आणि यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. जुन्या पोस्ट डिलीट करवत नसतील तर 'युअर ॲक्टिव्हिटी'मध्ये जाऊन एकदम अर्काइव्ह करता येतात. दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो मात्र वेगळे तपासावे लागतात, सगळे तेच विसरतात.

ग्रुपच्या नावाखाली छळ

जुलै २०२५ मध्ये यूजीसीने देशभरातल्या संस्थांना बजावलं: सीनियर्स अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुप काढून ज्युनियर्सना त्यात ओढत असतील आणि तिथे त्रास देत असतील, तर ते रॅगिंगच आहे आणि तशीच कारवाई करा. तक्रारी कसल्या होत्या? रात्र-रात्र जागं ठेवणं, केस कापायला लावणं, अपमान करणं आणि ऐकलं नाही तर 'तुझ्याशी कोणी बोलणार नाही' अशी धमकी. शेवटची धमकी सगळ्यात जास्त लागते, कारण ज्याला ग्रुपमध्ये जायचंय त्यालाच ती देता येते. 'व्हॉइस नोटवर गाणं म्हणून पाठव', 'रात्री दोनला ऑनलाइन ये', 'हा फोटो टाक' हे सगळं 'इंट्रो' या गोंडस नावाखाली चालतं.

पुण्याची अजून एक अडचण. इथल्या जुन्या कॉलेजांत अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात चालते. पंधरा वर्षांची मुलगी आणि एकवीस वर्षांचा सीनियर एकाच कॅन्टीनमध्ये, आणि बऱ्याचदा एकाच ग्रुपमध्ये. यूजीसीचे २००९ चे नियम मुळात उच्च शिक्षणासाठी आहेत. पण महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा शिकवणाऱ्या सगळ्याच संस्थांना लागू होतो, हॉस्टेल आणि क्लासही त्यात येतात. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. अकरावीतल्या मुलीला 'हे तुमच्यासाठी नाही' असं कोणी सांगितलं, तर हा कायदा त्याला दाखवा.

असा ग्रुप निघालाच, तर घाबरून लगेच बाहेर पडू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, ग्रुप इन्फोमधल्या ॲडमिनचे नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, आणि ते घरातल्या एकाला तरी पाठवा. नुसतं 'रिपोर्ट' दाबून भागत नाही. व्हॉट्सॲपकडे फक्त शेवटचे पाच मेसेज जातात आणि कॉलेजला त्यातलं काहीच कळत नाही. मग ग्रुप सोडा. सोडल्याचं नोटिफिकेशन फक्त ॲडमिनना जातं, सगळ्या ग्रुपला नाही. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. पदवीच्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या पालकांनी जे रॅगिंगविरोधी हमीपत्र न वाचताच भरून टाकलं, तसंच त्या ॲडमिननेही भरलेलं असतं.