महिने आडवे मांडू नका, विक्री उभी लिहा!

विक्रीची एक्सेल शीट बहुतेक जण अशीच करतात: डावीकडे मालाची नावं, वर जानेवारी ते डिसेंबर. दिसायला छान! माझीही तशीच होती, आणि तिथेच मी फसलो. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. मी आपला जुना नोव्हेंबरचा आकडा बघून माल मागवला. गिऱ्हाईक ऑक्टोबरातच येऊन रिकाम्या हाती गेलं, आणि नंतर आलेल्या पणत्या, उटणं पडून राहिलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोंद उभीच ठेवा. तारीख, माल, नग, रक्कम. एका विक्रीला एक ओळ. शीट लांबलचक होईल, होऊ द्या की. एक्सेलमध्ये 10,48,576 ओळी मावतात. आडवा तक्ता बघायचाच असेल तर पिव्होट टेबल आहेच.

जुनी आडवी शीट असेल तर पॉवर क्वेरीत मालाचा कॉलम निवडून ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ करा, महिने खाली उतरतात. (‘आर’ सॉफ्टवेअर वापरणारे हेच काम ‘पिव्होट लाँगर’नं करतात.) पण महिन्याच्या बेरजेत बुडालेल्या तारखा कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. त्यासाठी मला जुनी बिलबुकं काढून बसावं लागलं. तीन रविवार गेले!