आता माझं वाजवू का?

आमच्या पियानो क्लासचं वार्षिक रिसायटल जवळ आलं की टीचरांचा मला फोन येतो. मी काही फार चांगला वाजवतो असं नाही. पस्तिशी उलटल्यावर शिकायला लागलेला आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या मागच्या रांगेत बसणारा विद्यार्थी मी. पण सॉफ्टवेअरमधला माणूस म्हणजे त्याला एक्सेल येणार, आणि एक्सेल येतं म्हणजे प्लॅनिंगही येणार, असा एक गोड गैरसमज जगात आहे. त्यामुळे वीस मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, शिवाय उठणं-बसणं आणि स्टूल वरखाली करणं याचं एकेक मिनिट, म्हणजे एकूण ऐंशी मिनिटं, हा हिशोब माझ्याकडे असतो. आणि थीम शोधणंसुद्धा.

गेल्या वर्षी मी थीम काढली 'सिनेमा'. पालक खूष. मीही खूष, कारण एक्सेलच्या सगळ्या ओळी कशा एका रंगात आल्या. फक्त एक ओळ बसेना. नऊ वर्षांचा एक मुलगा तेव्हा शूमानचा एक छोटा पीस वाजवत होता. नाव 'पहिलं दुःख'. ई मायनरमधला, जेमतेम पानभराचा. क्लासला आला की स्टूलवर बसल्याबसल्या आधी तोच वाजवायचा. मी टीचरांना म्हटलं, याला एखादं सोपं केलेलं सिनेमाचं गाणं देऊया ना! त्यांनी दिलं. त्यानेही मुकाट्याने बसवलं.

कार्यक्रमात त्याने एकही चूक केली नाही. टाळ्या पडल्या. मग हॉल रिकामा झाला, मी खुर्च्या रचत होतो, तेव्हा हा पोरगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, आता माझं वाजवू का?"

वाजवलं त्याने. ऐकायला मी, त्याचे आजोबा आणि हॉलचा शिपाई. माझ्या हातात चार खुर्च्या होत्या, त्या खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही.

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. माझं मत असं झालंय की थीम ही मुलांच्या वहीतून वर यायला हवी, वरून खाली उतरता कामा नये. आमच्या धंद्यात आपण युजरला न विचारता स्पेसिफिकेशन लिहितो आणि मग तो सॉफ्टवेअर वापरत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. मी अगदी तेच केलं होतं. फरक इतकाच की हा युजर नऊ वर्षांचा होता आणि तक्रार करायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग थीम हवीच कशाला, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, हवी. ग्रेडच्या परीक्षेला साधारण तीन-चार पीस लागतात आणि बरीच मुलं वर्षभर तेवढेच घोटत बसतात. थीममुळे वहीतली बाकीची पानं उलटली जातात. दुसरं म्हणजे, एकमेकांशी संबंध नसलेले वीस तुकडे ओळीने ऐकले की श्रोत्यांचा संयम सुटतो आणि माना मोबाईलकडे वळतात. त्यांना धागा दिला तर अनोळखी चालसुद्धा लोक कान देऊन ऐकतात.

यंदा मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी विचारलं, कोण काय वाजवतंय? आणि मग, हे मुळात लिहिलं कोणी, कोणासाठी? इथे गंमत झाली. 'पहिलं दुःख' ज्या पुस्तकातलं, तो 'लहानांसाठी अल्बम' शूमानने 1848 साली लिहिला. त्यातले पहिले काही तुकडे त्याच्या थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसाची भेट होती. चायकोव्हस्कीचा 1878 चा मुलांचा अल्बम त्याच्या भाच्याला, व्होलोद्याला अर्पण केलेला. बाखच्या घरातली 1725 ची वही त्याच्या बायकोची, आना माग्दालेनाची. (त्यातला जी मेजरमधला सुप्रसिद्ध मिन्युएट वर्षानुवर्षं बाखच्या नावावर छापला गेला, पण तो आहे पेत्झोल्डचा. घरच्या वहीत कोणाचंही आवडलेलं उतरवून घेतात, तसंच हे.) बार्टोकने 'मिक्रोकोस्मोस'चे पहिले दोन भाग मुलाला, पेटरला दिले. देब्युसीने 1908 मध्ये 'चिल्ड्रन्स कॉर्नर' दिलं तीन वर्षांच्या लेकीला, जिला तो शूशू म्हणायचा.

झाली की थीम! 'घरच्यांसाठी'.

या थीमचा आणखी एक फायदा मागाहून लक्षात आला. हिला पायऱ्या आहेत. मिक्रोकोस्मोसच्या सुरुवातीला दोन्ही हात एकच चाल वाजवतात आणि बोटं पाच सुरांवरून हलतही नाहीत, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी आलेलं मूलही यात बसतं. मधल्यांना आना माग्दालेनाची वही, मग चायकोव्हस्की आणि शूमान. देब्युसीला मात्र हात चांगला तयार लागतो, तो मोठ्या मुलांसाठी. कोणासाठी काही मुद्दाम सोपं करून, पाणी घालून द्यावं लागत नाही. माझ्या मते थीमची खरी परीक्षा हीच: सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं, दोघांनाही तीत अस्सल काहीतरी मिळतं का?

एक पालक म्हणाले, ओळखीची गाणी नसतील तर आजी-आजोबा कंटाळतील हो. शंका रास्त आहे. म्हणून ठरवलंय की प्रत्येक मूल वाजवण्याआधी एक वाक्य स्वतः बोलणार: हे कोणी, कोणासाठी लिहिलं. एवढंच. भाच्यासाठी लिहिलंय म्हटल्यावर मामा लोक आपोआप सरसावून बसतील :-)

असो. यादी तयार झाल्यावर मी मोठ्या ऐटीत त्या मुलाला सांगितलं, यंदा तुझं 'पहिलं दुःख' पहिल्या पाचात! त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "नको काका. ते आता लहान मुलांचं वाटतं." तो दहा वर्षांचा झालाय. त्याच पुस्तकातला वेगळा, अवघड पीस त्याने स्वतःच निवडलाय आणि तो त्याला छान बसणारही आहे. पण भरल्या हॉलमध्ये जे ऐकायचं होतं, ते एका वर्षापूर्वीच्या त्या मुलाकडून, आणि ती वेळ मी एका रंगीत रकान्यासाठी घालवली.

एक्सेलमध्ये आता नवा रकाना घातलाय. नावाच्या लगेच पुढे, पिसाच्या आणि मिनिटांच्याही आधी: 'स्वतःला काय वाजवायचंय?' तो भरल्याशिवाय पुढचे रकाने मी उघडत नाही.