सागरी महामार्ग हवा, पण आधी सडा मोजा

रविवारी एकटाच गाडी काढून रत्नागिरीहून पावस, पूर्णगडमार्गे कशेळीला गेलो. देवघळीला जांभ्याचा कडा थेट समुद्रात उतरतो. गावच्या सड्यावर सुमारे १८ मीटरचा हत्ती कोरलाय, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी! कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

रेवस-रेडी सागरी महामार्ग होऊ दे. खाड्यांवर पूल हवेतच. आजारी माणसानं फेरीबोटीची वाट किती बघायची? पण सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. पडीक कसली? पावसाचं पाणी तिथंच मुरतं, खालच्या विहिरींना पोचतं. आधी कातळशिल्पांची मोजणी, मग जेसीबी. तुमच्या सड्यावरच्या चित्रांची ग्रामपंचायतीत नोंद आहे का, उद्याच विचारा.