सडा कापण्याआधी नकाशा दाखवा

रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि देवगडच्या सड्यांवर प्लॉटिंग करणाऱ्या प्रत्येकाला ही जाहीर ताकीद. कंपनी मुंबई-पुण्याची असो, की गावातल्याच भावकीने दलालाला हाताशी धरून काढलेली भागीदारी असो. येत्या 1 मेच्या ग्रामसभेपुढे तुमचा संपूर्ण आराखडा मांडा. माहितीपत्रकातला रंगीत नकाशा नको, मोजणीचा आणा. त्यावर प्लॉटांच्या रेघा ओढण्याआधी पऱ्ये, पाणवठे, देवरहाटी, गुरांच्या वाटा आणि पावसात पाणी धरणारा कातळ दाखवलेला असला पाहिजे. तो नकाशा येईपर्यंत सड्यावर जेसीबी चढता कामा नये.

सड्याला तुम्ही 'माळरान' म्हणता, महसुली दप्तर त्याला पोटखराबा म्हणतं, आणि या दोन शब्दांच्या आडोशाने सगळा धंदा चालतो. तिथे काही पिकत नाही, मग अडतंय कुठे, असा तुमचा सवाल असतो. अडतं ते पाण्यापाशी. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर येतात. मधल्या महिन्यांत आमच्या विहिरींना जे काही पाणी असतं, ते सड्याने धरून ठेवलेलं असतं. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून खाली मुरतं, तळाच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. त्याच झऱ्यांवर खालची आगरं, वायंगणी शेती आणि पाणवठे उभे आहेत. वर चिरे काढून खड्डे केले, रस्त्यांसाठी सपाटीकरण केलं आणि पऱ्याचं तोंड सिमेंटच्या नळीत कोंबलं, की खालच्या वाडीचं पाणी तुटतं. ते एका दिवसात तुटत नाही, दोन-तीन उन्हाळे जातात. तोवर तुम्ही प्लॉट विकून पुढच्या तालुक्यात पोचलेले असता.

आणि पिकत नाही म्हणजे काय? पावसाळ्याचे चार महिने सड्यावर जी रानफुलं आणि जे गवत येतं, त्यावर गावाची गुरं जगतात. याच कातळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे आणि माणसांच्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यादीत न गेलेली, मातीखाली दडलेली किती असतील ते जेसीबीचा दात लागल्यावर कळणार असेल, तर कळून उपयोग काय?

आता तुमची पद्धत. भातकापणी झाली की गवत पेटवायचं, चारही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा घालायचा, कमान आणि गेट उभं करायचं, आणि गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची पाणंद त्या गेटच्या आत गेली तर जागा आता खासगी आहे म्हणून गुराख्याला परत पाठवायचं. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे एक एकराच्या आसपास आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तुम्ही सोडता. कुठे, ते आम्हाला माहीत आहे: पऱ्याच्या काठचा तिरका त्रिकोण, ज्यावर प्लॉट बसतच नाही तो. जाहिरातीत त्यालाच 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणतात.

आमची मागणी विक्री थांबवण्याची नाही. ज्याची जमीन त्याला ती विकण्याचा हक्क आहे, आणि मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी विकणाऱ्याला आम्ही नावं ठेवणार नाही. मागणी आखणीच्या क्रमाची आहे. अमेरिकेत रँडल अॅरेंट नावाच्या नियोजनकाराने हा क्रम मांडला आणि 1996 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर लिहिला: आधी राखायची जमीन, मग घरांच्या जागा, मग रस्ते, आणि प्लॉटांच्या हद्दी सर्वांत शेवटी. तिकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या अनेक गावांनी तसे नियमही केले. तुमचा क्रम बरोबर उलटा असतो. कोकणातली जुनी वाडी पाहिलीत तर तिथेही घरं एकमेकांना लागून, खाली मळा आणि वर मोकळा सडा, म्हणजे अॅरेंटसाहेबांना सांगायला आमच्याकडेही थोडं होतं.

हिशेब मांडून दाखवतो, कारण परवडत नाही हे उत्तर ठरलेलं आहे. 40 एकर म्हणजे 1,600 गुंठे. दहा टक्क्यांचे 160 आणि रस्त्यांचे 200 वजा केले, की 1,240 गुंठ्यांत दहा-दहा गुंठ्यांचे 124 प्लॉट बसतात. तेच 124 प्लॉट चार गुंठ्यांचे केले तर 496 गुंठे लागतात. घरं जवळ आली की रस्ताही आखूड होतो, 120 गुंठ्यांत भागतो. उरले 984 गुंठे, साडेचोवीस एकरांहून जास्त. गिऱ्हाइकं तितकीच, रस्त्याचा आणि विजेच्या खांबांचा खर्च कमी, आणि सव्वाचार हजार चौरस फुटांहून मोठ्या जागेत घर, परसू आणि दोन माड सहज मावतात. मात्र यासाठी रीतसर मंजूर आराखडा लागतो. सातबारा दाखवून कागदावर शेतजमीन आणि प्रत्यक्षात बंगल्याचा प्लॉट विकायची पळवाट यात बसत नाही. ती बसू नये, हीच आमची इच्छा आहे.

राखलेली जमीन कायमची राखली पाहिजे. पहिला टप्पा विकून झाल्यावर 'टप्पा दोन' म्हणून तिचेच तुकडे पाडलेले चालणार नाहीत. ती प्लॉटधारकांची अविभक्त मालकी म्हणून प्रत्येक खरेदीखतात लिहा, आणि गावाची वाट, पाणी व चराईचा हक्क सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घ्या. तोंडी शब्द आम्ही खूप ऐकले.

सरकारच्या भरवशावर आम्ही राहिलेलो नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना 10 मार्च 2014 ची, सहावी 31 जुलै 2024 ची. महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र त्या मसुद्यांत आहे. त्यात 50 हेक्टर आणि त्यापुढच्या नव्या वसाहतींना बंदी सुचवली आहे. त्या 50 हेक्टरांच्या किंचित आत राहणाऱ्या शेजारशेजारच्या योजना एकाच माणसाच्या कशा निघतात, हे कुणी विचारायचं? आम्ही विचारणार.

प्लॉट घेणाऱ्यांनाही सांगतो. आठांहून जास्त प्लॉट आणि 500 चौरस मीटरहून मोठी जागा असेल, तर महारेराची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. नंबर मागा. पाणी कुठून येणार ते विचारा. 'बोअर मारू' हे उत्तर आलं तर समजा, तुमच्या नळाला येणारं पाणी कुणाच्या तरी विहिरीतून काढलेलं असणार. आणि मुंबईत राहणाऱ्या आमच्या भावांनो, सामाईक जमिनीच्या कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी गावात एक फोन करा.

मुदत टळली तर काय होईल, तेही ऐकून ठेवा. वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तिथे 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली दावा, आणि तो सहा महिन्यांच्या आत. परवान्याशिवाय चिरा किंवा माती काढली असेल तिथे जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) ची तक्रार; त्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. झाडं तोडली असतील तिथे 1964 चा वृक्षतोड कायदा. नोंदणी नसलेली प्रत्येक जाहिरात महारेराकडे जाईल. तिथला दंड प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत आहे. दगडफेक होणार नाही, गेट मोडलं जाणार नाही. त्या निमित्ताने आमची पोरं पोलीस ठाण्यात बसवण्याची संधी तुम्हाला मिळणार नाही.

नकाशाच्या दोन प्रती आणा, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरासाठी आणि एक चावडीच्या भिंतीवर लावायला. ग्रामसभा 1 मेला आहे. त्या दिवशी नकाशा आला नाही, तर त्यानंतर तहसील कार्यालय ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी आमचे अर्ज दाखल होतील.